खाली बसवलेली गाडी आणि मागच्या सीटवरची माणसं

"गाडी डाऊन केलीय. दिसायला एक नंबर झालीय. पण आई म्हणते, मी एसटीनं जाईन, तुझ्या गाडीत बसणार नाही. गाडी परत उंच न करता हे गचके कमी होतील का?"

गॅरेजच्या बाकड्यावर हा प्रश्न हमखास निघतो. कधी गाडी मालकानं स्वतःच डाऊन केलेली असते, तर कधी पुण्या-मुंबईकडून जुनी घेताना ती तशीच आलेली असते. लग्न होतं, लेकरं होतात, आईवडिलांना दवाखान्यात न्यावं लागतं, आणि एकट्यानं हौसेनं चालवलेली गाडी घरची गाडी होते. अडचण तिथून सुरू होते.

ती नीट दिसावी म्हणून तामलवाडी घेऊ. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातलं हे गाव सोलापूर आणि तुळजापूर यांच्या साधारण मध्यावर, राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आहे. बाहेरच्या माणसाला ते टोलनाक्यामुळे ठाऊक असतं. इथल्या गाडीला एकाच दिवसात दोन तऱ्हेचे रस्ते लागतात. सोलापूरकडे किंवा देवीला जाताना चौपदरी महामार्ग, आणि काटी-सावरगावच्या बाजूला वळलं की आतले रस्ते. महामार्गावर डाऊन गाडी खरोखर छान चालते, वळणावर कलत नाही, रस्त्याला चिकटून पळते. त्यामुळे चालवणाऱ्याला तक्रारच कळत नाही. आतल्या रस्त्याला लागल्यावर मागच्या सीटवरून आवाज येतो, "अरे, हळू!"

१. गचका नेमका कुठे लागतो?

गाडी हलली म्हणजे त्रास झालाच, असं नाही. किती वेगानं हलते यावर सगळं आहे. चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, शरीर तेवढं वरखाली होतं आणि आपल्याला ते जाणवतही नाही. घरच्या गाडीचा सांगाडा खड्ड्यावरून गेल्यावर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली झाला तर तो शरीराला मानवतो. याहून फार संथ, म्हणजे दोन सेकंदांत एकदा किंवा त्याहूनही सावकाश हेलकावे बसू लागले की होडीत लागते तशी मळमळ होते. म्हणजे गाडी जितकी मऊ तितकी चांगली, हेही खरं नाही.

बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे. धड आणि पोटातले अवयव याच गतीला सोबतीनं थरथरू लागतात. कंपनं मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेलं आहे.

एक हिशेब करून पाहा. सिमेंटच्या रस्त्यावर आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. २२ ला साडेचारनं भागलं की जवळपास ५ येतात. सांधे थोडे उंचसखल असतील तर सेकंदाला पाच ठोके, नेमके त्या वाईट पट्ट्यात. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा आणि टायर हे ठोके बरेचसे गिळतात. ताठ गाडी ते सीटपर्यंत पोचवते.

२. स्प्रिंग आणि पाचाचं सूत्र

गाडीचं वजन स्प्रिंगवर आलं की ती काही सेंटिमीटर दबते. मऊ स्प्रिंग जास्त दबते, कडक कमी. या एका आकड्यावरून गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल ते सांगता येतं. दबण्याचं सेंटिमीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्यानं ५ ला भागा.

समजा, चाकापाशी मोजलं तर मूळ स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबते. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे सेकंदाला सव्वा हेलकावा. घरच्या गाडीला झकास. आता बाजारातली छोटी, कडक स्प्रिंग घातली आणि दाब ९ सेंटिमीटरवर आला. वर्गमूळ ३, उत्तर १.६७. हा स्पोर्ट्स गाडीचा आकडा झाला. एकट्या तरण्या चालकाला तो चालतो, पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला नाही.

काही ठिकाणी नवी स्प्रिंग न आणता जुनीच ग्राइंडरनं कापतात. स्वस्तात काम होतं, गाडी खाली बसते, आणि पुष्कळांना वाटतं की स्प्रिंग तीच असल्यामुळे तिचा मऊपणाही तोच राहिला. तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग सहाला पाच या हिशेबानं २० टक्के कडक होते. दीड कापला तर ३३ टक्के. त्यातही कंपनीनं जे टोक बैठकीत बसेल असं वळवलेलं असतं तेच कापलं जातं. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की अशी स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आराम-बिराम नंतरची गोष्ट, कापलेली स्प्रिंग मुळात धोक्याची आहे. ती असेल तर पुढचे उपाय करण्याआधी ती बदला.

३. खरी चोरी जागेची होते

कडकपणाबद्दल सगळे बोलतात. माझ्या मते डाऊन गाडीचा मोठा दोष दुसराच आहे, आणि तो गॅरेजातही फारसा बोलला जात नाही. तो म्हणजे चाकाला वर यायला उरलेली जागा.

ओट्यावरून उडी मारताना आपण गुडघे दुमडतो आणि आदळ त्यात जिरवतो. पण आधीच अर्धे गुडघे वाकवून उभ्या असलेल्या माणसानं, वर डोक्यावर पोतं घेऊन, तीच उडी मारली तर? दुमडायला काही उरलेलंच नसतं, सगळा आदळ कमरेत जातो. डाऊन गाडी अशी कायम अर्धी वाकलेली असते, आणि घरची माणसं हे तिच्या डोक्यावरचं पोतं.

आकड्यांत मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, गाडीगणिक बदलतील. मूळ गाडीत एकटा चालक असताना मागच्या चाकाला वर यायला ८ सेंटिमीटर जागा आहे. मागे तिघं बसली, डिकीत सामान पडलं की गाडी ४ सेंटिमीटर दबते. उरले ४. खड्डा आला तर तेवढ्यात निभतं.

आता गाडी ४ सेंटिमीटर डाऊन केली. एकट्या चालकालाच ४ उरले. नवी स्प्रिंग पाव पटीनं कडक आहे, म्हणून तीच माणसं बसल्यावर ती ४ ऐवजी ३.२ सेंटिमीटर दबेल. उरलं किती? ०.८ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यानंतर चाक थेट बंप स्टॉपवर आदळतं. शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला रबराचा किंवा फोमचा हा ठोकळा शेवटचा धक्का झेलण्यासाठी असतो, पण भरलेल्या डाऊन गाडीत तोच स्प्रिंगचं काम करू लागतो. आई ज्याला गचका म्हणते तो बहुतेक वेळा हाच.

एकट्यानं चक्कर मारून "काही होत नाही" असं सांगणारा चालक खोटं बोलत नसतो. त्याच्या फेरीत ४ सेंटिमीटर जागा होती, आईच्या फेरीत एकही नव्हता.

आता हाच हिशेब उलटा वाचा. गाडी फक्त २ सेंटिमीटर वर घेतली तर ०.८ चे २.८ होतात, म्हणजे साडेतीनपट. दोन सेंटिमीटरनं गाडीच्या रुबाबात पडलेला फरक मालकाशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही, मागच्या सीटवर मात्र तो लगेच कळेल. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आणि याच कारणानं "उंची तीच ठेवून स्प्रिंग मऊ घाला" हा सल्ला चुकीचा ठरतो. मऊ स्प्रिंग जास्त दबेल आणि ठोकळ्यावर आणखी लवकर आदळेल.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीनं शेतकऱ्यांसाठी गाडी आखताना अट घातली होती की अंड्यांची पाटी ठेवून नांगरलेल्या रानातून गेली तरी अंडी फुटता कामा नयेत. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांपुढे आलेली ही टू-सीव्ही गाडी अगदी साधी होती, पण तिच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा दिलेली होती.

४. शॉकअपचं काम वेगळं

स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवते. साठवलेलं ती परतही देते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ हिंदकळत राहील. ही उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. शॉकअप दबताना थोडा आणि परत उसळताना जास्त विरोध करील अशीच त्याची रचना असते.

मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगच्या मापाचे असतात. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तेच ठेवले की उसळी आवरत नाही. मग आधी आदळ आणि नंतर हिंदकळणं, अशी दुहेरी शिक्षा. अशा वेळी उपाय एकच, स्प्रिंगच्या जोडीचे शॉकअप.

ज्यांच्या गाडीला कॉइलओव्हर आहेत, म्हणजे उंची आणि विरोध फिरवून बदलता येणारे संच, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वरचं बटण फिरवलं की फक्त तेलाचा विरोध बदलतो, स्प्रिंग तेवढीच कडक राहते. त्यामुळे बटण पार सैल करून गाडी मऊ होत नाही, ती नाचरी होते. उलट, बटण फार आवळलं तर ओळीनं येणाऱ्या खड्ड्यांत चाकाला खाली परतायला वेळच मिळत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी बसत जाते आणि चौथ्या-पाचव्याला ठोकळ्यावर येते. आतल्या रस्त्यांसाठी मधल्या खाचेच्या किंचित सैल बाजूला सुरुवात करावी आणि एका वेळी दोनच खाचा बदलाव्यात.

५. मान डोलावणारी गाडी

१९३० च्या दशकात मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता अमेरिकेत कॅडिलॅककडे काम करत होता. त्यानं एका मोठ्या गाडीच्या दोन्ही टोकांना हलवता येतील अशी वजनं लावली, पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलत नेल्या आणि गाडीत माणसं बसवून विचारलं की कसं वाटतं. निष्कर्ष असा निघाला की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. त्या काळी उलटं असायचं.

कारण सोपं आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभरानं. मागची बाजू थोडी जलद हलत असेल तर ती उशिरा सुरू होऊनही पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होते. पुढची बाजू जास्त ताठ झाली तर दोन्हींचा ताल कधीच जुळत नाही आणि गाडी मान डोलावत राहते. लेकरांना उलट्या होतात त्यात या डोलण्याचा हात मोठा असतो.

"पुढून जरा जास्त खाली दिसली पाहिजे" म्हणून फक्त पुढच्या स्प्रिंगा कापणारे नेमका हा तोल घालवतात. शिवाय आपल्या भागात काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या डांबराला लांब लांब लाटा येतात. डोलणाऱ्या गाडीला याहून वाईट रस्ता नाही. चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या असाव्यात, हे यावरून पक्कं धरा.

६. पैसे कुठे आधी घालावेत?

सगळ्यात आधी हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोन माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असू शकतात. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी, त्यानुसार हवा ठेवा. पंपावरचा माणूस सगळ्यांना एकच आकडा मारतो, तो तुमचा असेलच असं नाही. आराम वाटावा म्हणून हवा कागदापेक्षा कमी मात्र करू नका. कमी हवेचा टायर तापतो, आणि मे महिन्यातल्या आपल्याकडच्या डांबरावर ते परवडणारं नाही. नायट्रोजन भरल्यानं गाडी मऊ होते हा गैरसमज आहे.

मग टायर. १८५/६५ आर १५ याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर आणि टायरची भिंत त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. हौसेनं बसवलेला २०५/४५ आर १७ घेतला तर भिंत ९२ मिलिमीटर. बाहेरचा घेर दोन्हींचा जवळजवळ सारखाच, पण रबराची गादी २८ मिलिमीटरनं कमी झाली आणि तिथे लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम आलं. बारीक खडी, सांधे, पेव्हर ब्लॉक यांची थरथर स्प्रिंगपर्यंत पोचण्याआधी टायरच खातो. मूळ मापाची चाकं परत बसवणं हा माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त आराम देणारा बदल. मोठी अ‍ॅलॉय चाकं विकली तर त्यातले बरेच पैसेही निघतात.

यानंतरचा उपाय निव्वळ मजुरीचा आहे. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांच्या आतली नळी बोल्टनं घट्ट आवळली जाते आणि आर्म हलला की रबर पिळतं. गाडी जॅकवर घेऊन, चाकं लोंबत असताना हे बोल्ट आवळले तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं. त्यानं चाल ताठ होते आणि बुश लवकर फाटतात. गाडी डाऊन केली तेव्हा हे बोल्ट कुणी सैल करून पुन्हा आवळले होते का, ते विचारा. बहुधा नाही. मिस्त्रींना सांगून गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उभी करा, बोल्ट सैल करा, गाडी दोन-चार वेळा दाबून बसू द्या आणि त्याच अवस्थेत आवळा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. उंची बदलली की चाकांची दिशाही बदलते आणि टायर एका कडेनं झिजतात.

आता तपासणी. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर नायलॉनची केबल टाय अलगद बांधा, सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत. रबरी टोपण असेल तर ते वर करून बांधावी लागेल. टाय खाली नळकांड्याला टेकवा. मग घरची सगळी माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन नेहमीच्या रस्त्यानं जाऊन या. टाय जिथे सरकून थांबली असेल तिथपर्यंत दांडा आत गेला होता. ती थेट ठोकळ्यापाशी पोचलेली असेल, ठोकळ्यावर दबल्याची ताजी खूण असेल, तर तिसऱ्या भागातला हिशेब तुमच्या गाडीला लागू आहे. टाय मध्येच थांबली असेल तर जागा पुरते आहे, दोष टायर, बुश किंवा शॉकअपमध्ये शोधा.

ठोकळ्याला पोचत असेल तर गाडी २ सेंटिमीटर वर घ्या. तेही जमत नसेल तर फुटलेले, कडक झालेले ठोकळे काढून हळूहळू दबत जाणारे फोमचे नवे बसवा. आदळ टळणार नाही, पण त्याची धार जाईल.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मात्र या कामाचे नाहीत. गाडी वर उचलल्यासारखी दिसते, पण ज्या वेढ्यांत बफर बसतो ते काम करणं थांबवतात. म्हणजे स्प्रिंग कापल्यासारखाच परिणाम, फक्त गाडी उंच ठेवून.

सीटची निवड फुकट आहे. मागच्या चाकाच्या अगदी वर बसणाऱ्याला हादरा जास्त लागतो, दोन चाकांच्या मध्ये बसणाऱ्याला कमी. पाठदुखीच्या माणसाला पुढे बसवा.

७. गतिरोधकाचं काय?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरनं तो ओलांडता यावा अशी कल्पना आहे. दोन चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली छोटी गाडी त्यावर पूर्ण चढली की चाकंही उंचावर असतात, म्हणून पोटाखाली गतिरोधकाचा फक्त ४.४ सेंटिमीटर भाग वर येतो. १३ सेंटिमीटर मोकळीक असलेली डाऊन गाडीही आरामात जाते.

गावात रात्रीतून घातलेला दोन फूट रुंदीचा उंचवटा वेगळा. त्याची रुंदी चाकांतल्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी असल्यानं त्याची अख्खी उंची पोटाखालून जाते. तो १५ सेंटिमीटर असेल तर १३ च्या गाडीचं पोट घासणारच, आणि माणसं बसल्यावर ते १३ चे १० झालेले असतात. चेंबर फुटतो तो असाच. तिरकी गाडी घेऊन एकेक चाक चढवलं तर थोडं निभतं. मूळ उंचीच्या गाडीला मात्र तिथे त्रास बराच कमी होतो, हे कबूल करायला हवं.

८. कागदपत्रांचा एक मुद्दा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेला सोडून केलेले बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. गाडी धाराशिवच्या एमएच २५ ची असो की सोलापूरच्या एमएच १३ ची, नियम तोच. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, तेव्हा गाडीत घरची माणसं असतील हे धरून चाला.

हे सगळं लक्षात घेता, घरासाठी गाडी वापरायची असेल तर मूळ स्प्रिंगा, मूळ शॉकअप आणि मूळ मापाचे टायर हा संच सगळ्यात कमी कटकटीचा. काढलेल्या स्प्रिंगा गोठ्यात कुठे पडल्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी पुन्हा विचार करा. आणि कोणताही उपाय केला तरी तो स्वतः स्टिअरिंगवर बसून पारखू नका. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या, घरच्यांना सोबत घ्या आणि तुम्ही मागे, चाकाच्या वरच्या कोपऱ्यात बसा.